१५ बार, २० बार: खोक्यावरच्या आकड्याचा खुलासा

एस्प्रेसो, म्हणजे दाबाने काढलेली दाट कॉफी, करणाऱ्या मशीनच्या खोक्यावर पाण्याचा दाब ‘बार’ या एककात छापलेला असतो, आणि ‘२० बारचं मशीन १५ बारवाल्यापेक्षा भारी’ हा समज काही केल्या जात नाही. तो आकडा म्हणजे आतल्या छोट्या व्हायब्रेशन पंपाची कमाल ताकद, तीही पाणी अडलेलं असताना. एस्प्रेसोला लागतात साधारण ९ बार. १९६१ च्या फाएमा ई६१ या इटालियन मशीनपासून कॅफेतली पंपाची मशीनं त्याच आसपास चालत आली आहेत. चांगल्या घरगुती मशीनमध्ये जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. तो कितीवर लावलाय, हे दुकानदाराला विचारा.

मुळात दाब तयार होतो तो कॉफीच्या थराने पाणी अडवल्यावर. दळण जाड असेल तर पंप कितीही दांडगा असो, १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो दहा सेकंदांत भसाभसा उतरते: पाणचट, आंबट. लागायला हवेत २५ ते ३० सेकंद. स्वस्त मशीनची कॉफी भरायची दुहेरी तळाची, एकच बारीक भोक असलेली जाळी हे पाप झाकते. फेस भरपूर, पण तो क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवर येणारा खरा तपकिरी साय-फेस, नव्हे.

म्हणून साधी, एका तळाची जाळी घ्या आणि आधी पैसे घाला ते दळण कमी-जास्त करायचे बारीक टप्पे असलेल्या बर ग्राइंडरवर, म्हणजे दोन दातेरी भागांमध्ये कॉफी दळणाऱ्या यंत्रावर. मिक्सरच्या पात्यांनी पीठ आणि कण्या एकत्रच निघतात.