थंडीत तगणारी फुलं लाडानं मरतात

कॅल्गरीत बाग करणाऱ्या कुणाशीही बोला, पहिली तक्रार थंडीची असते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातलं हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १०४५ मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला रॉकी पर्वत, पूर्वेला नजर पोचेल तिथवर प्रेअरीचं माळरान. जानेवारीत पारा कधी कधी उणे तीसपर्यंत उतरतो. मे महिना संपत आला तरी एखाद्या रात्री पानांवरचं दव गोठतं आणि सप्टेंबर अर्धा होतो न होतो तोच ते पुन्हा गोठायला लागतं. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम ४२० मिलिमीटर पाणी. सह्याद्रीच्या आडोशाला माण-खटाव कोरडे राहतात, त्याच कारणानं रॉकीच्या आडोशाचा हा मुलूखही कोरडा आहे.

तरी शहराच्या उत्तरेकडच्या नोज हिलवर एप्रिलमध्ये जाऊन पाहा. अकरा चौरस किलोमीटरपेक्षा मोठं असलेलं हे टेकाड शहरानं राखून ठेवलं आहे. सावलीच्या घळींत बर्फ शिल्लक असतो, गवत वाळून भुरकं झालेलं असतं आणि त्यातून जांभळी फुलं वर आलेली असतात. त्यांना कुणी पाणी घातलेलं नाही, खत दिलेलं नाही, हिवाळ्यात झाकलेलं नाही. खाली वस्तीतल्या वाफ्यांत मात्र रोपवाटिकेतून आणलेली महागडी रोपं काळी पडलेली. माळावरची आणि डोंगरावरची रानफुलं बागेत लावायला लागल्यापासून माझं मत पक्कं झालं आहे: ही झाडं थंडीनं क्वचितच मरतात. मरतात ती थंडी मध्येच मोडल्यानं, मुळाशी पाणी साचल्यानं आणि आपण केलेल्या लाडानं.

यातलं पहिलं कारण आधी समजून घेऊ, कारण बाकीची दोन त्यालाच जोडलेली आहेत.

रोपाच्या पेशीत पाणी असतं आणि ते पेशीच्या आत गोठलं की बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. थंड मुलखातली झाडं यावर उपाय करतात तो असा. ऑगस्टपासून दिवस लहान व्हायला लागले, रात्री गार पडू लागल्या की ती आतल्या आत तयारीला लागतात. पेशींत साखरेचं प्रमाण वाढतं. पेशीपटलातले स्निग्ध पदार्थ बदलतात, त्यामुळे गारठ्यातही पटल ताठर न होता लवचिक राहतं. पारा शून्याखाली गेला की पेशीतलं बरंचसं पाणी बाहेर, दोन पेशींमधल्या पोकळीत येतं आणि तिथे गोठतं. आत उरतो तो घट्ट साखरेचा रस, आणि तो सहजासहजी गोठत नाही. म्हणजे झाडात बर्फ होतो, पण जिथे झालेला चालतो तिथेच होतो.

ही तयारी व्हायला आठवडे लागतात, सुटायला मात्र थोडे ऊबदार दिवस पुरतात. इथेच चिनूक नावाचा ऊबदार वारा घात करतो. पॅसिफिककडून आलेली ओली हवा रॉकीवर चढताना पाऊस-बर्फ टाकत जाते. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे चढताना ती हवा फारशी थंड होत नाही, किलोमीटरमागे साधारण पाच-सहा अंशच. डोंगर ओलांडून कोरडी झालेली हीच हवा पूर्वेच्या उतारावरून खाली येते तेव्हा दाबामुळे किलोमीटरमागे सुमारे दहा अंशांनी तापते. मग भर जानेवारीत, सकाळी उणे वीस असलेला पारा संध्याकाळपर्यंत शून्याच्या वर गेलेला दिसतो. माणसं जॅकेट उघडी टाकून हिंडतात. वाफ्यातला बर्फ वितळून, उडून जातो.

त्या बर्फाचंच तर संरक्षण होतं. ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसती हवा असते. फूटभर थर असला तर वर उणे पंचवीस असताना खाली मातीचं तापमान शून्याच्या थोडंच खाली राहतं. चिनूकनं हा थर काढून घेतला, झाडाची तयारी सैल केली, आणि तीन दिवसांनी उत्तरेकडून पुन्हा कडाका आला की नुकसान होतं. शिवाय वरची माती दिवसा वितळते, रात्री गोठते, फुगते, आणि उथळ मुळांची रोपं उचकटून वर येतात. मार्चमध्ये बागेत फिरताना मुळं उघडी पडलेलं रोप दिसलं तर ते याच उचकटण्यानं वर आलेलं असतं.

म्हणून या फुलांसाठी जागा निवडताना नवख्या माणसाला उलटं वाटेल असं करावं लागतं. घराची दक्षिणेकडची ऊबदार भिंत टाळायची, कारण तिथला बर्फ सगळ्यात आधी जातो. पूर्वेची किंवा थोडी उत्तरेकडे कललेली उघडी जागा बरी. पायवाटेवरचा बर्फ फावड्यानं काढताना वाफ्यावरच टाकायचा, फक्त त्यात मीठ नसावं. शरद ऋतूत वाळलेले देठ कापायचे नाहीत, उडता बर्फ त्यांना अडून साठतो. नाताळ झाल्यावर लोक ख्रिसमसची झाडं बाहेर टाकतात. त्यांच्या फांद्या आणून वाफ्यावर आडव्या पसरल्या की चिनूकमध्येही माती गोठलेलीच राहते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

आता नोज हिलवरच्या त्या जांभळ्या फुलाकडे वळू. इथे सगळे त्याला प्रेअरी क्रोकस म्हणतात. खऱ्या क्रोकसशी, म्हणजे केशराच्या कुळाशी, त्याचं काही नातं नाही. हे मोरवेलीच्या कुळातलं, शास्त्रीय नाव पल्साटिला नटॅलियाना. कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतानं १९०६ साली ते राज्यफूल म्हणून निवडलं. हात न लावता गुडघे टेकून जवळून पाहा. पानं अजून आलेली नसतात, कळी थेट जमिनीतून वर येते. देठ आणि कळीची बाहेरची बाजू रुपेरी लवेनं भरलेली असते आणि त्या लवेत अडकून राहिलेली हवा गारठा आत येऊ देत नाही. फूल उमललं की पसरट वाटीच्या आकाराचं होतं, सूर्याकडे तोंड करतं, ऊन मधल्या पिवळ्या पुंकेसरांवर एकवटतं. हिवाळ्यातून उठलेल्या बंबलबी राणीमाशांना परागही मिळतात आणि उडण्याआधी अंग तापवायला जागाही. ढग आले की फूल मिटतं.

फूल गेल्यावर देठ लांब होतो आणि त्यावर पिसाऱ्यासारखा झुपका येतो. प्रत्येक बीला एक लांब, केसाळ शेपूट असतं. हवा कोरडी झाली की शेपटाला पीळ पडतो, ओल आली की पीळ सुटतो, आणि या पीळ-उलगड्यात बी स्वतःला गवतातून मातीत खुपसत जातं. स्वतःची पेरणी स्वतः करणारं हे बी पाहिलं की मला दर वेळी तितकंच नवल वाटतं.

बागेत क्रोकस लावायचा तर हे बी जूनमध्ये, शेपूट राखाडी होऊन सहज सुटायला लागलं की लगेच पेरावं. साठवून ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्यानं घटते. पहिल्या वर्षी दोन-चार इवली पानं येतात आणि माणूस निराश होतो. खालचं मूळ मात्र उतरत असतं. फुलायला तीन-चार वर्षं लागतात. एकदा जागा धरली की ते हलवू नये, त्या लाकडासारख्या मुळाला उपटणं सोसत नाही. पानं-देठ हाताळताना मोजे घालावेत, रसानं कातडीची आग होते.

बाकीच्या फुलांच्या बियांचं कोडं वेगळं आहे. माळावरच्या कितीतरी जातींचं बी पिकल्याबरोबर ऊबदार ओल्या मातीत टाकलं तरी उगवत नाही. ते उगवलं असतं तर सप्टेंबरचं कोवळं रोप ऑक्टोबरात मेलं असतं. अशा बियांत अॅब्सिसिक आम्ल असतं, ते उगवण रोखून धरतं. शून्य ते पाच अंशांच्या ओल्या गारठ्यात काही आठवडे गेले की त्याचा जोर ओसरतो, उगवणीला चालना देणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाचा वाढतो, आणि मग ऊब मिळाली की अंकुर फुटतो. बी एका अर्थी हिवाळा मोजतं. एखादा ऊबदार आठवडा त्याला फसवू शकत नाही.

फ्रिजमध्ये ओलसर वाळूच्या पिशवीत बी दोन महिने ठेवूनही हे साधतं. मला त्याहून सोपी वाट आवडते. डिसेंबर-जानेवारीत कुंडीत वाळूमिश्रित माती भरावी, बी पेरावं, वर बारीक खडीचा पातळ थर द्यावा आणि कुंडी सरळ बर्फात ठेवून द्यावी. बाकीचं काम हिवाळा करतो. ल्युपिन, गोल्डन बीन या शेंगावर्गातल्या फुलांच्या बियांचं साल टणक असतं, त्यांना आधी पॉलिश पेपरवर हलकं घासावं, म्हणजे पाणी आत शिरतं. आणि पहिल्या वसंतात काही उगवलं नाही म्हणून कुंडी ओतून टाकू नये. एकाच झाडाची सगळी बियाणी एकाच वर्षी उगवत नाहीत. एखादं वर्ष दुष्काळी गेलं तरी वंश टिकावा अशी ती सोय आहे.

मातीबद्दल बोलताना मराठी बागायतदाराला समजावणं अवघड जातं, कारण शेणखत म्हणजे पुण्य हे आपल्या रक्तात आहे. या फुलांना ते मानवत नाही. भरपूर नत्र आणि पाणी मिळालं की ती उंच, लुसलुशीत होतात, पहिल्या वादळात आडवी पडतात. त्याहून वाईट म्हणजे ऑगस्टमध्येही वाढतच राहतात आणि थंडीची तयारी मागे पडते. मग हिवाळ्यात झाड गेलं की आपण हिवाळ्याला बोल लावतो. रोप रुजेपर्यंत पहिला एक उन्हाळा पाणी द्यावं, तेही क्वचित पण खोलवर. त्यानंतर हात आखडता घ्यावा. नेब्रास्का विद्यापीठातल्या जॉन वीव्हरनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रेअरीत चर खणून गवतांची आणि फुलांची मुळं मोजली, रेखाटली. कितीतरी जातींची मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल गेलेली निघाली. वरून वीतभर दिसणारं झाड खाली असा पसारा राखून असतं, म्हणून त्याला तुमच्या झारीची गरज नसते.

यातलं एक फूल मराठी माणसाला लगेच ओळखू येईल. दसऱ्याच्या बाजारात झेंडूच्या शेजारी ढिगानं येणारा गलांडा, म्हणजेच गॅलार्डिया, मुळात उत्तर अमेरिकेचा. आपल्याकडे लावतात त्याचा बारमाही भाऊबंद गॅलार्डिया अरिस्टाटा अल्बर्टाच्या कोरड्या उतारांवर जंगली वाढतो, पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये लालसर तपकिरी गोल. १८०६ साली आजच्या मोंटानातून परतताना अमेरिकन शोधप्रवासी मेरिवेदर लुईसनं त्याचे नमुने गोळा केले होते. त्याच प्रवासात मिळालेल्या निळ्या रानजवसाला तर त्याचंच नाव आहे. दोन्ही जाती सुरुवात करायला उत्तम: बी सहज उगवतं, दुसऱ्या वर्षी फुलं येतात. रानजवसाचं प्रत्येक फूल सकाळी उमलून दुपारी गळतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा झाड निळंशार असतं.

डोंगरावरच्या फुलांचं तंत्र थोडं निराळं आहे. रॉकी पर्वतातल्या बॅन्फजवळ साधारण २३०० मीटरच्या वर वृक्ष संपतात. तिथे सायलीन अकॉलिस जमिनीला चिकटून गच्च उशीसारखी वाढते. वारा वरून निघून जातो आणि उन्हाच्या दिवशी उशीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा ऊबदार राहते. ड्रायस ही तिची शेजारीण. १९७५ साली शास्त्रज्ञ पीटर केवन यांनी उत्तर ध्रुवप्रदेशातल्या ड्रायसवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. तिचं फूल सूर्यामागे वळतं, वाटीतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी गरम राहते आणि कीटक तिथे ऊन खात बसतात. हिमयुग सरताना, सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, थंडी पुन्हा हजारेक वर्षं परतली, त्या काळाला ‘यंगर ड्रायस’ म्हणतात ते याच झाडावरून. तळ्यांच्या गाळात तिची पानं सापडली होती. पिवळ्या फुलांची ड्रायस तर बो नदीच्या नुसत्या गोट्यांतही पसरते. तिच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र बांधून देतात, मग खत कशाला?

या उंचावरच्या झाडांना उष्ण रात्री सोसत नाहीत. रात्रभर श्वसनात साठा खर्च होतो आणि दिवसाची कमाई पुरत नाही. कॅल्गरीत जुलैमध्येही रात्री दहा-अकरा अंशांवर येतात, म्हणून इथे ती टोरांटोपेक्षा जास्त खूश असतात. खरा धोका मुळाशी साचणाऱ्या पाण्याचा. चेक बागायतदारांनी रूढ केलेली पद्धत इथे फार उपयोगी पडते: सपाट दगड उभे, एकमेकांना जवळजवळ टेकवून पुरायचे आणि मधल्या बोटभर फटींत वाळू-खडी भरून रोप लावायचं. पाणी झटकन खाली जातं, मूळ ओल्या गारव्याच्या मागे दगडांमधून खोल उतरतं आणि झाडाची मान, म्हणजे मूळ आणि खोड जुळतात ती जागा, कोरडी राहते.

रोपं आणायची कुठून? डोंगरातून नक्कीच नाही. राष्ट्रीय उद्यानात फूल तोडणंही गुन्हा आहे, आणि उपटलेलं रोप बहुधा जगतही नाही. देशी जातींचं बी विकणाऱ्यांकडून घ्यावं, आणि ते बी कोणत्या भागातल्या झाडांचं आहे हे विचारावं. तीच जात असली तरी दक्षिणेकडच्या बियांपासून झालेलं झाड दिवसाच्या लांबीचा हिशोब तिकडचा करतं आणि शरदात उशिरापर्यंत वाढत राहतं.

‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ लिहिलेली रंगीत पाकिटं मी कुणालाच घेऊ देत नाही. त्यांत युरोपातली ऑक्सआय डेझी असू शकते, आणि अल्बर्टात ती कायद्यानं घातक तण ठरलेली आहे. त्याच यादीत क्रीपिंग बेलफ्लॉवर आहे. इथली देशी हेअरबेल समजून लोक तिला वर्षानुवर्षं जपतात. दोघींचीही निळी-जांभळी घंटाफुलं, पण जवळून पाहिलं की फरक कळतो. हेअरबेलचा देठ दोऱ्याइतका बारीक, त्यावरची पानं गवताच्या पात्यासारखी, फुलं मोजकी आणि वाऱ्यावर हलणारी. बेलफ्लॉवरचा देठ जाड आणि ताठ, पानं रुंद, टोकाला निमुळती आणि कडेला दातेरी, फुलं देठाच्या एकाच बाजूला ओळीनं लटकलेली. खणून पाहिलं तर खाली गाजरासारखं पांढरं जाड मूळ निघतं. त्याचा तुकडा जरी मातीत राहिला तरी पुन्हा फुटतो, म्हणून ओल्या मातीत, पावसानंतर, फावडं खोल घालून ते अख्खं काढावं, आणि कंपोस्टात न टाकता कचऱ्याच्या पिशवीत बांधावं.