व्हिस्की बंड

अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १७९१ साली देशात गाळलेल्या मद्यावर बसवलेल्या अबकारी कराविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांनी केलेला उठाव. कुरबुर पहिल्या दिवसापासून होती. तिला बंडाचे रूप आले ते १७९४च्या उन्हाळ्यात. केंटकीतही हा कर जवळपास कोणी भरत नव्हते, पण तिथे फौज गेली नाही, म्हणून त्या कथेला नावही मिळाले नाही.

कराचे मूळ दारूत नव्हे, कर्जात आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या कर्जांपायी १७९० साली संघराज्याच्या डोक्यावर सुमारे ५.४ कोटी डॉलरचे देणे होते. घटक राज्यांची कर्जेही केंद्राने शिरावर घ्यावीत, असा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा आग्रह होता. काँग्रेसमधले व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन विरोधात उभे राहिले. अखेर १७९० साली परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर तोड निघाली : कर्जे केंद्राकडे, राजधानी दक्षिणेला पोटोमॅक नदीकाठी. आता व्याज भरायला उत्पन्न हवे होते. आयातीवरचा जकात कर आणखी ताणणे हॅमिल्टन यांना धोक्याचे वाटले, म्हणून नजर भट्ट्यांकडे वळली.

ॲलेगेनी डोंगरापलीकडे व्हिस्की ही चैन नव्हती. मोनॉन्गाहेला नदीच्या खोऱ्यात राय हे धान्य भरपूर पिके, पण फिलाडेल्फियाची बाजारपेठ सुमारे ३०० मैलांवर, मध्ये डोंगर, आणि खाली वाहणाऱ्या मिसिसिपीचे मुख स्पेनच्या ताब्यात. घोड्याच्या पाठीवर चार बुशेल (धान्याचे एक माप) राय जाई. तीच राय गाळून दोन पिंपांत भरली की चोवीस बुशेलांचा माल एकाच घोड्यावर जाई. नाण्यांचा दुष्काळ असल्याने मजुरी आणि उधारीही व्हिस्कीतच फिटे. कर मात्र रोखीने भरायचा होता. थोडक्यात, ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्या पैशावरच हा कर पडला.

आकारणीची रीत तर अधिकच बोचरी होती. ग्रामीण भट्टीवाल्याने एकतर भट्टीच्या क्षमतेनुसार वर्षाचा ठोक कर भरायचा, नाहीतर गाळलेल्या मालावर गॅलनमागे द्यायचा. वर्षभर भट्टी धडधडत ठेवणाऱ्या बड्या उत्पादकाला ठोक कर स्वस्त पडे. सुगीनंतर काही आठवडे चूल पेटवणाऱ्या शेतकऱ्याला तो परवडत नसे. शिवाय खटला झालाच तर फिलाडेल्फियाच्या संघराज्य न्यायालयात हजर राहायचे. जाण्या-येण्यातच शेताचा हंगाम बुडे. १७९४च्या जूनमध्ये स्थानिक न्यायालयात सुनावणीची सोय झाली, पण त्याआधी निघालेली समन्से जुन्याच कायद्याखाली होती, आणि नेमकी तीच बजावायला जुलैत संघराज्य न्यायालयाचा मार्शल (समन्स बजावणारा अधिकारी) डेव्हिड लेनॉक्स पश्चिमेत आला.

तोवर वसुली अधिकाऱ्यांना डांबर फासून वर पिसे चिकटवण्याचे प्रकार सुरू झालेच होते. निमूटपणे कर भरणाऱ्याच्या भट्टीवर गोळ्या झाडून तिची चाळण केली जाई आणि ‘टॉम द टिंकर’ या नावाने धमकीच्या चिठ्ठ्या येत. टिंकर म्हणजे भांड्यांची डागडुजी करणारा. भट्टीला भोके पाडण्याच्या कामाला घेतलेले हे टोपणनाव खास खेड्यातल्या टवाळीचे आहे.

लेनॉक्सला वाट दाखवणारा करवसुलीचा प्रादेशिक निरीक्षक जॉन नेव्हिल हा स्वतः मोठा भट्टीवाला आणि गुलामांचा मालक होता. १६ आणि १७ जुलै रोजी जमावाने बोवर हिल येथील त्याच्या घराला वेढा घातला. दुसऱ्या दिवशी बंडखोरांचा नेता, स्वातंत्र्ययुद्धात लढलेला जेम्स मॅकफार्लेन, गोळी लागून ठार झाला आणि घर जाळण्यात आले. १ ऑगस्टला ब्रॅडॉक्स फील्ड या मैदानावर सुमारे ७,००० माणसे जमली. त्यांतल्या अनेकांकडे भट्टीच काय, जमीनही नव्हती. म्हणून या उठावाला निव्वळ दारूवाल्यांचे भांडण म्हणणे पटत नाही.

अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी एका हाताने वाटाघाटीचे आयुक्त पाठवले आणि दुसऱ्या हाताने मिलिशिया, म्हणजे राज्यांची नागरी फौज, गोळा केली. कायद्यानुसार त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा दाखला लागे. तो जेम्स विल्सन यांनी दिला. चार राज्यांतून जवळपास १३,००० शिपाई उभे राहिले. अध्यक्ष स्वतः बेडफर्डपर्यंत सोबत गेले. पुढे सेनापतिपद हेन्री ली यांच्याकडे होते आणि हॅमिल्टनही बरोबर होते. फौज पोहोचली तेव्हा लढायला कोणी उरलेच नव्हते. सुमारे २० कैदी फिलाडेल्फियाला नेले गेले. दोघांवर राजद्रोह सिद्ध झाला, फाशीची शिक्षाही झाली, पण १७९५ मध्ये वॉशिंग्टन यांनी दोघांनाही माफी दिली.

खरी झुंज नंतर राजधानीत झाली. नोव्हेंबर १७९४च्या भाषणात वॉशिंग्टन यांनी ‘स्वयंनिर्मित’ संस्थांवर, म्हणजे सरकारवर टीका करणाऱ्या लोकशाहीवादी मंडळांवर, उठावाचे खापर फोडले. मॅडिसन यांना हा विरोधी मतावरच घाला वाटला. हॅमिल्टन यांच्या बाजूचे फेडरलिस्ट आणि जेफरसनवादी रिपब्लिकन या दोन राजकीय गटांतली दरी यामुळे रुंदावली. पुढे कर वसूल होत राहिला, पण पश्चिमेत रडतखडतच.

१८०१ साली जेफरसन अध्यक्ष झाले आणि अर्थखाते ॲल्बर्ट गॅलाटिन यांच्याकडे आले. १७९२ साली पिट्सबर्गमध्ये करविरोधी सभा भरली तेव्हा तिचे चिटणीस हेच होते. त्या ठरावांवरची सही हे आपले एकमेव राजकीय पाप, असे ते पुढे म्हणत. १८०२ साली व्हिस्कीवरचा कर रद्द झाला.