थरांचे कपडे (थंडीतलं सायकलिंग)

थंडीत सायकल चालवताना एकच जाडजूड स्वेटर न घालता दोन-तीन पातळ कपडे एकावर एक चढवायची पद्धत. आतला थर घाम ओढून घेतो, मधला ऊब धरतो, वरचा वारा अडवतो, आपल्याकडे ह्या वरच्याला सरळ विंडचीटर म्हणतात.

कल्पना मूळ कुणाची यावर एकमत नाही. बरेच जण अमेरिकन सैन्याच्या एम-१९४३ गणवेशाकडे बोट दाखवतात आणि तो थरांच्या हिशोबानेच बेतलेला होता हे खरंय, पण इंग्रज गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी १९२४ ला एव्हरेस्टवर गेला तेव्हा त्याच्याही अंगात रेशीम, सुती, लोकर आणि वरून गॅबर्डिन (वारा अडवणारं घट्ट विणीचं कापड) होतंच, १९९९ मधे मृतदेह सापडला त्यावर कपड्यांचे तुकडे मिळाले. त्यामुळे सैन्याने फार तर त्याचा नियम बनवला असं म्हणणं जास्त पटतं. सायकलवाल्यांचं अजून वेगळंच. घाटमाथ्यावर बघ्यांकडून वर्तमानपत्र घ्यायचं, जर्सीत छातीवर सरकवायचं आणि उताराला लागायचं, ही टूर द फ्रान्समधली सवय बहुधा सिंथेटिक कापडं यायच्या आधीचीच असावी.

गोची सगळी चढ-उताराची आहे. शरीर जाळतं त्या ऊर्जेतली जेमतेम पाव पॅडलला मिळते, बाकीची उष्णता, म्हणून चढावर घाम, आणि मग उतारावर तोच घाम अंगावर उठतो कारण पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शून्य अंशाला ताशी ३० किमी वारा लागला तर उघड्या कातडीला उणे ६ सारखं वाटतं (हा वाऱ्याने जाणवणारी थंडी काढायच्या २००१ च्या सूत्राचा हिशोब, सिपल-पॅसल यांचं १९४५ चं जुनं सूत्र थंडी जास्तच दाखवायचं). सुती बनियन इथेच दगा देतो, भिजला की वाळत नाही. मेरिनो लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते.

नेहमी दिलं जाणारं उदाहरण ५ जून १९८८ चं, जिरो द'इतालिया या इटलीतल्या सायकल शर्यतीत गाविया घाटावर बर्फ पडला तो दिवस. अमेरिकन सायकलपटू अँडी हॅम्पस्टनच्या टीमने सकाळीच स्कीच्या दुकानांतून गरम कपडे उचलले होते. टप्पा एरिक ब्रॉयकिंकने जिंकला, एकूण आघाडीवर असलेल्याची गुलाबी जर्सी मात्र हॅम्पस्टनला मिळाली.

हातमोजे, कानटोपी वेगळे विषय. पुण्या-नाशकाकडे डिसेंबरात दोन थर पुरतात, आणि सकाळी सहाला घातलेला विंडचीटर आठपर्यंत कॅरियरला बांधलेला असतो.