लाकडी फरशी घडवली ती ओलाव्याने

फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातली संगमरवरी फरशी सतत धुवावी लागे. ते पाणी खाली झिरपून तुळया कुजू लागल्या आणि १६८४ मध्ये संगमरवर काढून तिथे चौकटीत गुंफलेल्या लाकडी पट्ट्या बसवल्या गेल्या. लाकडी फरशीत पुढे झालेले मोठे बदलही पाहिले, तर बहुतेकांच्या मुळाशी पाणीच सापडतं.

झाड तोडलं तरी लाकूड हवेतला ओलावा शोषत आणि सोडत राहतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. त्यातही वार्षिक वलयांच्या कडेने होणारी हालचाल वलयांना छेदून जाणाऱ्या हालचालीच्या साधारण दुप्पट असते, म्हणून रुंद अखंड फळीला बाक येतो. जुन्या सुतारांनी यावर साधे उपाय काढले होते: पट्ट्या अरुंद ठेवायच्या, लाकूड नीट वाळू द्यायचं, भिंतीलगत थोडी फट सोडायची. ती फट आजही सोडावी लागते. हौसेने केलेलं काम फुगून वर उचललं जातं ते अनेकदा ती न सोडल्यामुळे.

१९४१ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ शेर यांनी लाकडाचे थर एकमेकांना आडवे चिकटवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. एक थर हलू पाहतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. आजचं ‘इंजिनिअर्ड वूड’ याच कल्पनेवर उभं आहे, आणि मला ती या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

लॅमिनेटही स्वीडनचंच, १९७७ चं, पेर्स्टॉर्प कंपनीचं. वर मेलामाइन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा टणक थर, त्याखाली लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि आत दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा. गोंदाशिवाय एकमेकांत अडकणारे सांधे नव्वदच्या दशकात आले. लॅमिनेटला ‘नकली’ म्हणून हिणवणं मला पटत नाही. ओरखडे ते खऱ्या लाकडापेक्षा चांगले सोसतं. पण सांध्यातून पाणी शिरलं की आतला भुसा फुगतो आणि पुन्हा बसत नाही. व्हिनाइलला, म्हणजे प्लास्टिकच्या फरशीला, ही भीती जवळपास नाही, कारण त्यात लाकूड उरलंय ते फक्त चित्रात.

खरा फरक कळतो वीसेक वर्षांनी. भरीव लाकूड घासून अनेकदा नवं करता येतं, लॅमिनेट आणि व्हिनाइल एकदाही नाही. इंजिनिअर्ड वूडचं मात्र वरच्या थरावर अवलंबून: तो तीन-चार मिलिमीटर असेल तर दोनेकदा घासता येतं, अर्धा मिलिमीटर असेल तर मुळीच नाही.