मर्सिया की नौहा? मीर अनीस वाचण्याआधी

मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत जे म्हणतात, त्याला आपल्याकडे सरसकट मर्सिया म्हटलं जातं. बहुतेक वेळा तो नौहा असतो. विषय दोन्हींचा एकच, इ.स. 680 मधली करबलाची लढाई, जिच्यात प्रेषित मोहम्मदांचे नातू इमाम हुसैन शहीद झाले. म्हणून विषयावरून ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. बांधणी बघावी.

उर्दू मर्सियाकार मीर अनीस यांचे वडील मीर खलीक, तेही मर्सियाकार. आजोबा मीर हसन मसनवीकार, म्हणजे दोन-दोन ओळींच्या यमकांत कथाकाव्य लिहिणारे. फैजाबादेत जन्मलेले अनीस 1874 मध्ये लखनौत वारले. त्यांचा मर्सिया मुसद्दसमध्ये असतो : सहा ओळींचा बंद (कडवं), पहिल्या चार ओळींचं यमक एक, शेवटच्या दोन ओळींचं वेगळं. 'जब क़ता की मसाफ़त-ए-शब आफ़ताब ने' हा मर्सिया घ्या. पहिल्या बंदात आफ़ताब, बेहिजाब, रिकाब, जनाब अशी यमकं चढत जातात. चौथ्या ओळीत हुसैन मागे वळून साथीदारांना हाक देतात आणि ती हाक पुढच्या दोन ओळींत उमटते :

आख़िर है रात, हम्द-ओ-सना-ए-ख़ुदा करो
उठो, फ़रीज़ा-ए-सहरी को अदा करो

रात्र सरली, ईश्वराचं स्तवन करा. उठा, पहाटेची नमाज अदा करा. वाचणारा चौथ्या ओळीवरच सैलावला, तर हाक हवेत विरते आणि सगळं कडवं कोसळतं.

असे दीडशेहून जास्त बंद, म्हणजे जवळपास खंडकाव्यच. चेहरा म्हणजे प्रस्तावना, मग सरापा (वीराचं रूपवर्णन), रुख़सत (निरोप), आमद (रणात येणं), रजज़ (कुळाचा उच्चार करून आव्हान), जंग, शहादत, आणि विलाप, म्हणजे बैन, अगदी शेवटी. सगळे भाग प्रत्येक मर्सियात असतातच असं नाही. अनीस मिंबरवर (प्रवचनाच्या उंच आसनावर) बसून तहतुल-लफ़्ज़ वाचत : चाल नाही, फक्त आवाजाचा चढउतार, नजर आणि हात. चालीवर म्हणतात ती सोज़ख़्वानी. तिच्यात मोजकेच बंद घेतात.

नौहा थेट बैनपासूनच सुरू होतो म्हणा ना. तो लहान, बऱ्याचदा गझलेच्या घाटाचा. नौहाख़्वान ओळ उचलतो, बाकीचे टेक धरतात आणि मातमचा, म्हणजे छाती पिटण्याचा, हात तालावर पडतो. इथे लांबलचक युद्धवर्णन घातलं तर हातच थांबतील.

आणखी एक गफलत : उर्दू कवी हाली यांनी गालिब गेल्यावर लिहिलेली शोककविताही मर्सियाच म्हणवते. तिच्यात करबला नाही आणि ती मुसद्दसही नाही.