रुरकी चेअर : सरस-खिळ्याविना उभी राहणारी खुर्ची

सोलापुरात आम्ही काही हौशी मंडळींनी सागवानात जी खुर्ची घडवायला घेतली आहे, तिचं नाव ‘रुरकी चेअर’. नाव गावावरून पडलं. आजच्या उत्तराखंडातलं रुरकी हे गंगा कालव्याचं गाव. १८४७ मध्ये तिथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, १८५३ पासून बंगाल सॅपर्सचा, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या पलटणींचा तळ पडला आणि १८५४ मध्ये कालवा वाहता झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही खुर्ची त्याच वातावरणातून पुढे आली.

लष्करी फिरतीच्या सामानाची परंपरा त्याहून जुनी. इंग्रज अधिकाऱ्याला मोहिमेवर आपलं बिऱ्हाड आपणच न्यावं लागे. लंडनचे कारागीर त्यासाठी घडीचे पलंग आणि मधोमध दोन भाग होणारी, पितळी कोपऱ्यांची खणांची कपाटं बनवत. (आपल्या शहरातली सदर बझार, लष्कर ही नावं अशाच छावणीच्या दिवसांतली.) सामान भक्कम होतं, पण ते वाहायला बैल, उंट लागत. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांशी इंग्रजांच्या लढाईत, हे ओझं परवडेना. बोअर घोडेस्वार आज इथे तर उद्या तिथे, त्यांचा पाठलाग करणाऱ्या फौजेला हलकं सामान हवं होतं. रुरकी चेअर लष्करात रुळली ती पार दुसऱ्या महायुद्धापर्यंत.

तिचं खरं मोल सांध्यात आहे. चार कातलेले पाय आणि त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या दांड्या, एवढाच सांगाडा. प्रत्येक दांडीचं टोक निमुळतं कातलेलं, आणि पायातलं भोकही त्याच उताराने आत निमुळतं होत गेलेलं. सरस नाही, खिळा नाही, पाचरही नाही. कॅनव्हासची बैठक बाजूच्या दांड्यांवरून घेऊन खालून चामडी पट्ट्यांनी आवळायची. माणूस बसला की बाजूच्या दांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, पुढची-मागची दांडी मध्ये दाबली जाते आणि टोकं भोकांत आणखी रुततात. आपल्या बाजेचा ताणही असाच काम करतो. हात टेकायला पट्टे, पाठ बोल्टवर हलती, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीप्रमाणे कलते. सांधे थोडे मोकळे असल्यामुळे चारही पाय उंचसखल जमिनीवर आपापली जागा शोधतात. पट्टे सोडले की सगळ्याचं काखेत मारून नेता येईल एवढं गाठोडं होतं.

सोलापूरच्या हवेत याचं महत्त्व लगेच कळतं. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की लाकूड आकसतं आणि चिकटवलेल्या खुर्च्या कुरकुरायला लागतात. इथे दांडी आकसली तर ती भोकात केसभर पुढे सरकते, सांधा सैल पडत नाही. दिसायला हुबेहूब, पण सांधे फेविकॉलने बंद केलेली खुर्ची मी प्रतिकृती मानत नाही. तिच्यातली बुद्धीच त्या चिकटवण्यात संपते.

युरोपातल्या रचनाकारांवरही या खुर्चीची छाप पडली. १९२८ च्या सुमारास ल कॉर्ब्युझिए, पियेर जानरे आणि शार्लोट पेरियाँ यांनी पोलादी नळ्यांची, हलत्या पाठीची खुर्ची केली. तिच्यात रुरकीची चण स्पष्ट दिसते. डेन्मार्कच्या कारे क्लिंट यांची १९३३ ची ‘सफारी चेअर’ तर ॲश लाकडातली जवळजवळ तीच खुर्ची. जानरे पुढे १९५१ मध्ये चंदीगड उभारायला भारतात आले, १९६५ पर्यंत राहिले आणि तिथल्या सरकारी इमारतींसाठी सागवानी खुर्च्या करून गेले. या सगळ्यांची नावं जगाला पाठ आहेत. मूळ खुर्ची घडवणाऱ्याचं नाव मात्र कुठे येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आमचे पाय जुन्या वाड्याच्या उतरवलेल्या सागवानातून निघाले. बैठकीला सोलापुरी चादर लावा, असा आग्रह बऱ्याच जणांनी केला. भावना समजते, पण चादरीचं जाड, मऊ सूत उबेसाठी असतं. माणसाच्या वजनाखाली त्याची झोळी होईल. म्हणून घट्ट विणीचं साधं सुती कॅनव्हास घेतलं, काठांना दुहेरी शिवण घातली. पट्ट्यांना बक्कलं पितळी आहेत, आणि भोकं मुद्दाम जास्त पाडली आहेत, कारण नवं चामडं सुरुवातीला ताणत जातं आणि पट्टा एकेक भोक पुढे आवळावा लागतो.