हिऱ्याचा डोम आणि बकऱ्याचे कातडे

चवथीला आमच्या घरी आरतीला दोन घुमटे वाजतात. घुमट म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडे चढवलेले आमचे गोव्याचे वाद्य. एक अलीकडे आणलेले, दुसरे आजोबांच्या काळापासूनचे. जुन्याचा नाद वेगळा, याबद्दल घरात दुमत नाही. "ते घोरपडीचे ना!" असे धाकटे काका दरवर्षी एकदा तरी म्हणतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले आणि आता घुमटावर बकऱ्याचे कातडे चढते. कातडे बदलले म्हणून नाद बदलला, हा काकांचा सिद्धान्त.

फोंड्याच्या एका मित्राकडे परवा जवळजवळ हाच वाद झाला, फक्त पैशांच्या आकड्याला बरीच शून्ये जास्त होती. त्याच्याकडे बोवर्स अँड विल्किन्स या इंग्लिश कंपनीच्या ८०५ मालिकेतल्या स्पीकरच्या दोन जोड्या आहेत. पहिली नॉटिलस ८०५, म्हणजे १९९८ची रचना. ती त्याने वापरलेली घेतली. दुसरी ८०५ डी३, २०१५ची. मधल्या काळात ८०५एस (२००५) आणि ८०५ डायमंड (२०१०) येऊन गेले, नंतर २०२१मध्ये डी४ आला. यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात, पण पुस्तकांच्या कपाटात कोंबले तर एवढे पैसे पाण्यात. जड स्टँडवर, भिंतीपासून जरा पुढे ठेवावे लागतात.

दोन्हींत १६५ मिलिमीटरचा एक कोन, म्हणजे आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, खाली आणि वर डोक्यावर बसवलेला ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर. जुन्याचा कोन पिवळा, केवलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या विणीचा. नव्याचा रुपेरी, कंपनी त्याला कंटिन्युअम म्हणते. जुन्याच्या ट्वीटरचा डोम, म्हणजे थरथरणारी छोटी गोलाकार टोपी, अ‍ॅल्युमिनियमचा, नव्याचा चक्क हिऱ्याचा. हा हिरा खाणीतला नव्हे. कार्बन असलेल्या वायूपासून पातळ थर साचवत तो कारखान्यात तयार करतात.

कोनाकडे जरा थांबून बघू. आवाज खर्जातला असेल तेव्हा अख्खा कोन एकजुटीने पुढेमागे होतो, पिस्टनसारखा. स्वर चढत गेला की ही एकजूट मोडते. मधला भाग पुढे जातो तेव्हा कडेचा अजून मागेच असतो. कोनाच्या अंगातून लाटा धावतात, कडेला आपटतात आणि परत फिरतात. स्वर थांबला तरी कोन क्षणभर थरथरत राहतो आणि ती थरथर पुढच्या स्वरात मिसळते. केवलारची वीण इथे कामाला येते. उभ्याआडव्या धाग्यांच्या दिशेने लाट एका वेगाने जाते आणि तिरकी वेगळ्या वेगाने. त्यामुळे कडेवरून परतणाऱ्या लाटा एकाच वेळी पोचत नाहीत, एकमेकींचा जोर मोडतात. १९७०च्या दशकापासून कंपनीने हाच कोन वापरला. मग ४० वर्षांनी तो सोडला, कारण कंपनीच्या म्हणण्यानुसार केवलार पिस्टनपणा सोडताना एकदम सोडतो, नवा कोन हळूहळू सोडतो.

हिऱ्याचे गणित त्याहून सोपे आहे. डोम जितका ताठ आणि हलका, तितकी त्याची एकजूट उशिरा मोडते. अ‍ॅल्युमिनियमचा साधारण ३० हजार हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांना), हिऱ्याची ७० हजारांच्या आसपास. तरुण कानाची मर्यादा २० हजार, आणि पन्नाशीतल्या माझ्या कानाची बहुधा १२-१३ हजार. मग ७० हजारांचा मला काय उपयोग? डोमची एकजूट मोडते तिथे आवाजाचा एक डोंगर उभा राहतो आणि त्याचा पायथा खालपर्यंत पसरतो. डोंगर लांब गेला तर पायथाही लांब जातो, असा कंपनीचा युक्तिवाद. तो चुकीचा नाही. पण आम्ही त्या संध्याकाळी केसरबाई केरकरांचे जुने ध्वनिमुद्रण लावले होते. केरीच्या या गायिकेची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. अशा जुन्या तबकड्यांत मुळात उंच स्वर उतरलेलेच फार थोडे. तिथे हिऱ्याने करायचे तरी काय?

तरीही पहिल्या फेरीत सगळ्यांनी नव्याला कौल दिला. मित्राचा भाचा इंजिनियरिंगला आहे. त्याने आवाज मोजायला मोबाइल काढला, स्पीकरवर सळसळणारा गोंगाट लावला आणि मोबाइल ऐकायच्या खुर्चीपाशी धरला. नवी जोडी सुमारे एक डेसिबल मोठी वाजत होती. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण एकाच मोबाइलने दोन आवाजांतला फरक काढायला तो चालतो. एक डेसिबल म्हणजे शक्तीत २६ टक्क्यांची वाढ. एवढी वाढ कानाला "मोठे झाले" अशी जाणवतेच असे नाही. बरेचदा ती "स्पष्ट झाले", "खुलले" अशी जाणवते. शिवाय नवी जोडी भिंतीच्या जवळ होती. साडेचार मीटरहून थोडी कमी लांबीची ती खोली ४० हर्ट्झ आणि त्याच्या पटींना स्वतःच घुमते, त्यामुळे जागा बदलली की खर्जही बदलतो.

मग भाच्याने आवाज जुळवले, जागांची अदलाबदल ठरवली आणि मामीची एक विरळ सुती साडी पडद्यासारखी टांगली. मामीने साडीबद्दल जे सुनावले ते इथे लिहीत नाही. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी हेच शास्त्रशुद्ध करून पाहिले होते. तेच श्रोते, तेच स्पीकर, पण डोळ्यांसमोर ठेवल्यावर गुण बदलले. मोठ्या, देखण्या स्पीकरना पडद्यामागे मिळाले होते त्यापेक्षा जास्त गुण मिळाले.

साडीआड मी दहापैकी सात वेळा जोडी बरोबर ओळखली आणि छाती फुगवली. भाच्याने हिशेब करून दाखवला की डोळे मिटून नाणे उडवले तरी दहापैकी सात किंवा जास्त जमण्याची शक्यता १७ टक्के असते, म्हणजे सहांत एकाला तेही जमेल. मला पेटीच्या मधल्या सप्तकात जुन्या जोडीवर किंचित दाणेदार कड ऐकू आली, अजूनही मी तसेच म्हणेन. पण ती कोनामुळे, असे म्हणायची सोय नाही. नव्या आवृत्तीत कोन, डोम, ट्वीटरची नळी असे सगळे एकदमच बदलले, आणि जुन्या जोडीने गोव्याचे कित्येक पावसाळे काढलेत. तिचे तारा जोडायचे स्क्रूही कळकले होते. जाहिरातीत मात्र सारे श्रेय हिऱ्याचे.

या चवथीला मी हे सगळे घरी सांगितले, घुमटाचा दाखला देऊन. घुमटाचे मागचे तोंड उघडे असते आणि वाजवणारा ते तळहाताने झाकत-उघडत नाद बदलतो. ८०५च्या पुढच्या बाजूला भोक असते, तेही स्पीकरच्या खोक्यातल्या हवेला असेच बोलते करते. मडक्याचे पोट आणि तोंडाचा आकार यांवर खर्ज ठरतो, कातडे हा त्यातला एकच भाग. काका ऐकून घेत होते. "बरे, पण घोरपडीचा नाद तो नादच," म्हणाले.

जुने घुमट मांडीवर घेऊन बसलेल्या थोरल्या काकांनी मान वर केली. "ह्याला मी सहा वर्षांमागे बकऱ्याचे चढवलेय," म्हणाले, आणि पुढची आरती सुरू केली.